सातवर सगळे, बारात कोणी नाही

“कोकणातल्या जमिनी विकू नका, हीच आपली खरी दौलत” हा मेसेज दर दोन-चार महिन्यांनी कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येऊन पडतोच. खाली हात जोडलेल्यांची रांग, मग कोणीतरी लाल मातीचा नाहीतर कौलारू घराचा फोटो टाकणार, मग “गावची आठवण आली रे”, आणि संपलं. पाठवणारा बहुतेक डोंबिवली नाहीतर विरारला असतो, त्यात वाईट काही नाही, माझी अर्धी भावकी तिकडेच आहे. पण त्या मेसेजमध्ये एक गोष्ट धरून चाललेली असते ती मला खटकते, की जमीन विकली नाही म्हणजे जपली. मला हे पटत नाही. माणसाला खरंच काय मौल्यवान वाटतं ते तो काय विकत नाही यावरून नाही कळत, तो कशाची निगा राखतो यावरून कळतं, आणि असं बघायला गेलं तर आपण कोकणातले लोक घराला जमिनीला दौलत म्हणतो ते बऱ्यापैकी तोंडदेखलं आहे.

राग येईल काहींना. येऊ दे.

सातबारा सगळ्यांना माहितीय, मोबाईलमध्ये पीडीएफ असतेच. पण तो मुळात एक कागद नाही, दोन आहेत. गाव नमुना सात म्हणजे जमीन कोणाच्या नावावर, हक्क कोणाचा, बोजा कोणाचा. आणि गाव नमुना बारा म्हणजे त्या जमिनीत त्या वर्षी काय पिकवलं, किती पडीक राहिलं. आमच्याकडची भांडणं सगळी सातची. कोर्टातले दावे सातचे, वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे हेलपाटे सातचे, चुलत्याचं नाव वर आलं आणि आमच्या आत्याचं इतर हक्कात गेलं म्हणून दोन पिढ्या अबोला तोही सातचाच. बारा उघडून बघतो कोण? बघितलंत तर बऱ्याच ठिकाणी एकच शब्द दिसेल, गवतपड. आमच्या एका तुकड्याच्या सातवर इतकी नावं आहेत की वाचता वाचता दम लागतो, त्यातले बरेच जण वारलेत, काहींची पोरं कुठे आहेत ते देवालाच माहीत, आणि उद्या सरसकट वाटणी केली तर एकेकाच्या वाट्याला खाट टाकण्यापुरती जागा येईल. त्या तुकड्यात रान माजलंय. पण विकायचं नाव काढा, सगळे जिवंत होतात.

घराचंही तेच. शहरातल्या माणसाला वाटतं जुनं घर वादळात पडतं. फार थोडी घरं वादळात पडतात हो. वानर उड्या मारतात, एक कौल सरकतं. घरात माणूस असेल तर पहिल्या पावसात थेंब पडला की तो खाली टोप ठेवतो आणि उघडीप मिळाली की काठीने ढोसून कौल जागेवर बसवतो, पाच मिनिटांचं काम आहे. माणूस नसेल तर तोच थेंब चार महिने रिपेवर पडत राहतो, रीप कुजते, तिच्यावरची कौलांची ओळच्या ओळ घसरते, मग पाणी वाशावर, वाशावरून भिंतीच्या माथ्यावर, आणि मातीची भिंत एकदा वरून भिजायला लागली की ती खाली कितीही जाड असली तरी काही खरं नाही. वाळवी तोपर्यंत खालून आलेलीच असते. तीन-चार पावसाळ्यांत आढं बसतं. मग पुढच्या मे महिन्यात येऊन सगळे हळहळतात, फोटो काढतात, आणि “आजोबांची आठवण” म्हणून स्टेटसला लावतात. माजघरातल्या कपाटाला मात्र कुलूप शाबूत असतं, चावी ठाण्याला.

एका कौलाची किंमत किती असेल? पण ते कौल सरकवायला लागणारा माणूस, त्याची किंमत कुठल्याच कागदावर नसते. माझा सगळा मुद्दा हाच आहे. आपण वस्तूची किंमत करतो, मालकाची नोंद करतो, आणि राखणाऱ्याला हिशेबातच धरत नाही.

याचं सगळ्यात उघडं उदाहरण ‘निसर्ग’ चक्रीवादळानंतर बघायला मिळालं. 3 जून 2020 ला ते श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्यावर आलं आणि नारळ-सुपारीच्या वाड्याच्या वाड्या आडव्या करून गेलं. पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, मध्यावर मोडलेल्या, माड मुळासकट उपटलेले, वाडीत पाय ठेवायला जागा नाही. भरपाई जाहीर झाली ती आधी क्षेत्रावर, बागायतीला हेक्टरी 50 हजार, 2 हेक्टरपर्यंत. आता हेक्टर म्हणजे साधारण 100 गुंठे, म्हणजे गुंठ्याला 500 रुपये पडले, आणि तिकडच्या वाड्या गुंठ्यांतच मोजायच्या असतात, 10 गुंठे, 15 गुंठे. ओरड झाल्यावर मग झाडामागे हिशेब आला, पोफळीला 50 रुपये, माडाला 250. पोफळ लावल्यापासून धरायला 5-6 वर्षं जातात, बाणवली माडाला त्याहून जास्त. मोडलेलं झाड कापून वाडीच्या बाहेर काढायची मजुरीच या भरपाईहून जास्त होत होती. लोक सरकारवर चिडले ते बरोबरच होतं.

पण सरकारला शिव्या घालून झाल्यावर घरात काय चाललं होतं तेही बोलायला पाहिजे. ही भरपाई खातेदाराला मिळणार, आणि खातं सामाईक असेल तर बाकीच्यांची संमतीपत्रं लागणार. अशी बाई श्रीवर्धनपासून गुहागरपर्यंत गावागावात सापडेल, नवरा गेलेला, पोरगा कंपनीत, आणि ती एकटी वाडी शिंपतेय, माडाची झापं गोळा करतेय, सुपाऱ्या सुकवतेय, वानरं हाकलतेय. तिचं नाव सातवर असलंच तर तळाला. ती त्या लॉकडाऊनमध्ये फोनवर फोन करत होती आणि पलीकडून काय यायचं, “वयनी, सही देतो की, नाही कशाला म्हणू, पण आमचा हिस्सा किती होतो ते आधी सांगा.” वाडी उभी होती तोपर्यंत कोणी हिस्सा मागितला नव्हता, कारण हिस्सा मागितला की शिंपायची पाळीही वाट्याला आली असती. झाडं पडली आणि चेक यायची शक्यता दिसली तेव्हा सगळ्यांना वाडी मौल्यवान वाटायला लागली. मला तर वाटतं 50 रुपयांपेक्षा हा अपमान मोठा होता.

दिवेआगरचाच विषय निघालाय तर तिथल्या सुवर्णगणेशाबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. 1997 च्या नोव्हेंबरमध्ये एका वाडीत खणताना तांब्याची पेटी लागली, आत गणपतीचा सोन्याचा मुखवटा, किलोभराहून जास्त वजनाचा. गावाचं नशीब पालटलं. गाड्या यायला लागल्या, घरोघरी खोल्या निघाल्या, मोदकांच्या ऑर्डरी, बायकांच्या हातात पहिल्यांदा स्वतःचा पैसा. कागदोपत्री तो मुखवटा गावातल्या कोणाच्याच मालकीचा नव्हता, पण त्याच्यावर अख्खं गाव जगत होतं. 24 मार्च 2012 च्या रात्री दरोडा पडला, मंदिराचे दोन पहारेकरी मारले गेले, मुखवटा गेला. चोर सापडले, पण तोपर्यंत मुखवटा वितळवला होता. सोनं बऱ्यापैकी परत मिळालं, मुद्देमाल म्हणून पडून राहिलं, आणि 2021 च्या नोव्हेंबरमध्ये नवा मुखवटा घडवून पुन्हा बसवला. मधली जवळजवळ दहा वर्षं ग्रॅमच्या हिशेबाने सोनं होतं, पण गावाला त्याचा उपयोग शून्य.

आता एवढ्या मोठ्या ऐवजाला राखण किती होती बघा, दोन माणसं. गावाने सोन्याची किंमत केली होती, त्याच्यावर येणाऱ्या धंद्याची केली होती, राखणदारांची नव्हती केली. मी दिवेआगरकरांना दोष देत नाही, आपल्याकडे कुठल्याही गावात हेच झालं असतं, देवळाला चांदीचा मखर करायला वर्गणी भराभर निघते आणि गुरवाला महिन्याला काय देता असं विचारलं की सभा दुसऱ्या विषयावर जाते. जाता जाता सांगतो, गावोगावी जी जुनी लाकडी खांबांची, कौलारू देवळं पाडून स्लॅबची बांधली ना, ती पण याच खाजेतून. दर वर्षी शाकारायचा व्याप नको म्हणून एकदाच काय तो पैसा ओतायचा आणि नावाची फरशी बसवून घ्यायची. फरशीवर देणगीदार असतो, झाडलोट करणारी नसते.

उलटं उदाहरण पण आहे. 22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं तेव्हा एसटी आगाराचे व्यवस्थापक आगाराची 9 लाखांच्या आसपासची रोकड घेऊन बसच्या टपावर तासन् तास बसून राहिले होते, पेपरात आलं होतं सगळीकडे. त्यातला एक रुपया त्यांचा नव्हता. आणि त्याच पुरात लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर दुसऱ्यांदा बुडालं, 1864 पासूनची संस्था, 2005 च्या पुरातही पुस्तकं गेलेली, मग पुन्हा जमवलेली, पुन्हा गेली, आणि पुन्हा उभी करायला माणसं लागलीच. तिथल्या पुस्तकांवर कुणाच्या बापाचा हक्क नाही. पण त्यांच्यासाठी जेवढी मेहनत झाली तेवढी किती जणांनी स्वतःच्या नावावरच्या घरासाठी घेतली असेल, मला शंका आहे.

इथे कोणीतरी म्हणणारच, की अरे बाबा, गावचं घर उभं कोणाच्या पैशावर राहिलं? बरोबर आहे. मुंबईच्या गिरणगावात एकेका गाळ्यात वीस-वीस जण पाळीपाळीने झोपले, खानावळीत जेवले, आणि मनीऑर्डरी केल्या म्हणून इकडे शाकारणी झाली, बैल आले, बहिणींची लग्नं झाली. 1982 च्या गिरणी संपानंतर ते सगळं कोसळलं तेव्हा कोकणातल्या घरांनी तो मार खाल्ला. लांबून पैसा पाठवणं हीसुद्धा निगाच, ती मी कमी लेखत नाही. माझं भांडण त्या मनीऑर्डर करणाऱ्या आजोबांशी नाहीच, त्यांच्या नातवाशी आहे, ज्याला आजोबांचा हक्क हवा पण आजोबांची मनीऑर्डर नको. गणपतीत पाच दिवस यायचं, डेकोरेशनला सढळ हात, आणि पडवीचा वासा बदलायला तीन हजार मागितले की “बघतो, पगार झाला की” आणि मग निळ्या टिका येऊन पडतात, उत्तर नाही.

दुसरी गोष्ट, जो विकतो त्याला गद्दार म्हणायची जी पद्धत पडलीय ती तर बंदच झाली पाहिजे. कोण विकतो? बहुतेक वेळा इथेच राहणारा. कुणाच्या घरात डायलिसिस चालू असतं, कुणाच्या पोरीला नर्सिंगला घालायचं असतं. ज्याने आयुष्यभर बेणणी केली, गडगे घातले, तो शेवटी एक तुकडा काढतो, आणि ज्यांच्या तुकड्यात गवतपड आहे ते त्याला ग्रुपवर मातीचं मोल शिकवतात.

आता बाहेरचे घेणारे. त्यांच्याबद्दल माझं मत सरळ आहे, काही जणांनी उत्तम बागा केल्यात, इथल्यांना कामं दिलीत. पण बरेच जण येतात ते जेसीबी घेऊनच. डोंगर कापायचा, चिऱ्याचं कंपाउंड घालायचं, मोठं गेट, आणि गेटच्या आत पिढ्यान् पिढ्या वापरातली पाखाडी गेलेली. देवळात जायची, विहिरीवर जायची, मयत न्यायची वाट. ती नकाशावर नव्हती, कारण वाट नोंदवून घ्यावी असं कोणाला वाटलंच नव्हतं. खर्च केला, रंग दिला म्हणजे निगा राखली असं मी मानत नाही. आजूबाजूच्या माणसांचा त्या जागेतला वापर शाबूत राहिला का, हे बघायला लागतं. आणि हो, ही वाट बंद झाल्याची ओरड पण आपण कधी करतो, तर बंद झाल्यावर. त्याआधी तिच्यावरची करवंदीची जाळी कोणी तोडली होती?

हापूसचंही सांगतो एका दमात. 2018 ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा पेढे वाटले, आमचा हापूस आमचा अभिमान, कर्नाटकचा माल हापूस म्हणून विकतात म्हणून आपला संताप. सगळं खरं. पण बागेत जाऊन बघा, राखणीला, फवारणीला, काढणीला नेपाळी. मुंबईतले मालक बाग कराराने देऊन मोकळे. त्या नेपाळी माणसाला कुठला मोहोर टिकणार आणि कुठल्या झाडावर तुडतुडा आधी येतो ते मालकाच्या पोरापेक्षा जास्त कळतं. अभिमान कोणाचा मग?

आणि सडा, म्हणजे कातळाचं उघडं माळ. सातबाऱ्यावर पोटखराबा. काही पिकत नाही म्हणून त्याला कधी कोणी दौलत म्हटलं नाही, चिरेखाणीला द्यायचा नाहीतर मोकळा सोडायचा. त्याच कातळावरची खोदचित्रं रत्नागिरीच्या काही हौशी मंडळींनी पायपीट करून, गुराख्यांना विचारून विचारून शोधली, आणि 2022 ला ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. उक्षीत गावाने तिथल्या हत्तीच्या चित्राभोवती कठडा बांधला, कारण आधी त्याच्यावरून गाड्यासुद्धा गेल्या असत्या तरी कोणाला पत्ता नव्हता. मोल आधीपासून होतंच, ते बघायला पायाने चालणारं कोणीतरी लागलं.

मग करायचं काय? नुसतं “गावाला या, जमीन कसा” असं म्हणणं मला खोटं वाटतं. पोट भरत नाही म्हणून माणसं गेली, ती रील बघून परत येणार नाहीत. पण जो मागे राहिलाय त्याला तरी बळ द्या ना. इथे खरी अडचण कायद्याची आहे आणि भीतीची. 1948 चा कूळकायदा आला, 1 एप्रिल 1957 ला कसणारी कुळं मालक झाली, आणि कोकणात खोतांनी, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांनी, जे केलं होतं ते बघता ते व्हायलाच हवं होतं, त्याबद्दल मला तिळमात्र वाईट वाटत नाही. पण तेव्हापासून “कुणाला कसायला देऊ नको, कूळ लागेल” हे जे डोक्यात बसलं ते आजतागायत निघालेलं नाही. शेजारी कसायला तयार असतो, मालक मुंबईत असतो, आणि जमीन पडीक ठेवणं मालकाला जास्त सुरक्षित वाटतं. नीती आयोगाने 2016 मध्ये जमीन भाडेपट्ट्याचा नमुना कायदा मांडला होता, त्यात मालकाची मालकी शाबूत ठेवून कसणाऱ्याला कर्ज, विमा आणि आपत्तीतली मदत मिळण्याची सोय सुचवली होती. कोकणासारख्या भागाला याची सगळ्यात जास्त गरज आहे. आणि 2021 पासून ई-पीक पाहणी आलीच आहे, बारातली पिकाची नोंद मोबाईलवरून होते, ॲपवर पिकाचा फोटो शेतात उभं राहूनच काढावा लागतो, डोंबिवलीत बसून निघत नाही. मग नुकसानभरपाई देताना बारातला हा माणूस आधी बघा, सातवरची रांग नंतर. पिकाचं, झाडाचं नुकसान झालं तर पैसे राखणाऱ्याला, आणि जमीनच वाहून गेली तर मालकांना, एवढं साधं ठरवायला काय हरकत आहे?

सरकार करील तेव्हा करील. घरातल्या घरात करण्यासारखं आहे ते गणपतीत करता येतं, तेव्हा सगळी भावकी एका ओटीवर असते, आरती झाल्यावर पत्ते मांडायच्या आधी अर्धा तास पुरे. स्टॅम्पपेपर घ्यायचा, लिहायचं की वाडी अमुक वहिनी बघतात, उत्पन्न त्यांचं, वादळ-पावसाची भरपाई आली तर त्यांची, बाकीच्यांची नावं सातवर आहेत तशी राहतील, कूळ-बीळ काही लागणार नाही, आणि घराच्या डागडुजीला प्रत्येकाने वर्षाला अमुक रक्कम मेच्या आत द्यायची, नाही दिली तर घर विकायचं की नाही यावर त्याने बोलायचं नाही. ते शेवटचं कलम कोर्टात टिकणार नाही हे मला माहितीय, पण ओटीवर टिकतं. आमच्याकडे हा विषय मी काढला तेव्हा काकांनी पहिला आक्षेप घेतला, “आज भरपाई देशील, उद्या ती म्हणेल जमीनच माझी.” ही भीती काही खोटी नाही, गावात तशी उदाहरणं आहेत. म्हणूनच काकांना म्हटलं, तोंडी नको, कागद करू, आणि तुम्ही सही करायच्या आधी एकदा वाडीत उतरून शिंपणं कसं चालतं ते बघून या. काका अजून उतरलेले नाहीत, गुडघे दुखतात म्हणतात, पण मसुदा मागवून घेतलाय.